मोबाईलवर ट्रेनिंग की वर्गात? वृद्धाश्रम आणि निवासी संस्थांच्या सुरक्षेबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की तुमच्या संस्थेत कर्मचाऱ्यांना सुरक्षेचं ट्रेनिंग कसं देतात. नाशिक आणि आजूबाजूच्या वृद्धाश्रमांतून, विशेष मुलांच्या निवासी शाळांतून बरीच पत्रं आली, काही व्हॉइस मेसेजही आले. त्यातले पाच प्रश्न घेतलेत. नावं छापत नाही, कोणाच्या नोकरीवर बेतायला नको.

प्रश्न : ताई नमस्कार, आमचा वृद्धाश्रम मखमलाबादच्या पुढे आहे, ३४ आजी-आजोबा आणि १२ जणांचा स्टाफ. आधी वर्षातून एकदा एक सर यायचे आणि दिवसभर ट्रेनिंग घ्यायचे. आता एका कंपनीने मोबाईल ॲप दाखवलंय, आग, पडणं, इन्फेक्शन, सगळ्याचे व्हिडिओ आहेत आणि शेवटी वीस प्रश्न, पास झालं की लगेच सर्टिफिकेट. ट्रस्टी म्हणतात स्वस्तात होतंय, रेकॉर्ड पण राहतं, मग सरांना कशाला बोलवायचं? माझं मन घेत नाही पण मिटिंगमध्ये मुद्दा मांडता येत नाही. काय सांगू त्यांना? (व्यवस्थापक)

उत्तर : दादा, मिटिंगमध्ये एवढंच विचारा की रात्री अडीच वाजता वरच्या मजल्यावर जळका वास आला, लाइट गेलेली आहे, ड्युटीवर दोन मावश्या आहेत, तर त्या दोघी पहिल्या दोन मिनिटांत काय करतील? ॲपचं ट्रेनिंग असो नाहीतर सरांचं, ज्याने या प्रश्नाचं उत्तर सुधारतं ते कामाचं. मी हे सगळं रात्रपाळीवरूनच जोखते, कारण दिवसा तुम्ही असता, ऑफिस असतं, ड्रायव्हर असतो, शेजारचा कोणीतरी धावत येतो. रात्री कोणी नसतं.

आता ॲपला उगाच नावं ठेवू नका, त्याचे फायदे खरे आहेत. तुमच्याकडे मावश्या वर्षभर येत-जात राहतात, सर येणार जानेवारीत आणि नवी मावशी लागली मे महिन्यात, म्हणजे आठ महिने ती काहीही न शिकता तीस-चाळीस म्हाताऱ्या माणसांत काम करणार. मोबाईल असेल तर पहिल्याच दिवशी तासभर बसवून तिला निदान एवढं कळतं की ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत निरांजन लावायचं नाही, संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच कधीच एकत्र करायचं नाही कारण त्यातून क्लोरीन गॅस निघतो, आणि या दोन्ही गोष्टी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवायच्या नाहीत. हे "का" समजावायला व्हिडिओ चांगला, दोनदा-तीनदा बघता येतो, आणि सर दमलेले असले काय नि नसले काय, प्रत्येकीला तेच ऐकायला मिळतं.

गरम पाण्याचं उदाहरण घ्या. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत थंडी कडक, आंघोळीचं पाणी सगळ्यांनाच कडकडीत लागतं. ६० अंशाचं पाणी पाच-एक सेकंदांत मोठ्या माणसाची कातडी खोलवर भाजू शकतं, म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ म्हणून त्याहून लवकर, आणि डायबिटीस असलेल्या आजोबांना पायाला चटका बसलेला कळतही नाही. हे आकडे आणि चित्रं मोबाईलवर छान समजतात. पण बादलीत आधी थंड पाणी घ्यायचं, मग गरम, मग हाताने ढवळून तपासायचं आणि मगच आजींना आणायचं, ही सवय हाताची आहे, ती बाथरूममध्ये उभं राहूनच लागते.

आणि सरांच्या वर्गाबद्दलही स्पष्ट बोलते. दिवसभर प्रोजेक्टर लावून स्लाईड दाखवल्या, मधे चहा-वडा झाला, शेवटी ग्रुप फोटो काढला, हे वर्गातलं ट्रेनिंग असलं तरी कोणाचा हात कशालाही लागलेला नसतो. रात्रपाळी करून आलेली मावशी सकाळी अकराच्या वर्गात बसून पेंगते, तिचा काय दोष, आणि बऱ्याच ठिकाणी तर रात्रपाळीवाल्यांना बोलवतच नाहीत कारण त्या झोपायला घरी गेलेल्या असतात. म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त गरज त्याच बाहेर. असा वर्ग आणि तुमचं ॲप, दोघांत फार फरक नाही, उलट ॲप स्वस्त पडेल.

फरक पडतो तो हात लावण्याने. आग विझवायच्या सिलिंडरचं घ्या. पिन काढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, दाबा, डावीकडून उजवीकडे फिरवा, हे सगळ्यांना तोंडपाठ येतं. पण सहा किलो पावडरीचा सिलिंडर भिंतीवरून उतरवताना त्याचं वजन किती लागतं, सील किती जोर लावल्यावर तुटतं, आणि एकदा दाबला की साधारण पंधरा-वीस सेकंदांतच तो रिकामा होतो, हे प्रत्यक्ष चालवल्याशिवाय अंगात भिनत नाही. बाई लांबूनच दाबते, पावडर हवेत उडते, आगीपर्यंत पोचतच नाही आणि हातात रिकामा डबा राहतो. म्हणून सिलिंडर रिफिलिंगला पाठवायच्या दिवशी आधी प्रत्येक मावशीला अंगणात एकदा तरी चालवू द्या, तसाही तो रिकामा करायचाच असतो, खर्च काही वाढत नाही.

आता एक खरी घटना सांगते, ट्रस्टींना हीच सांगा. स्कॉटलंडमध्ये उडिंगस्टन नावाच्या गावी रोझपार्क म्हणून केअर होम होतं. ३१ जानेवारी २००४ला पहाटे साडेचारच्या सुमारास तिथे आग लागली, इलेक्ट्रिकच्या कपाटातून सुरू झाली, आणि १४ वृद्ध गेले. अलार्म वाजला होता. पण अलार्मच्या पॅनेलवर दिसतंय ते इमारतीतलं नेमकं कुठलं ठिकाण हे ड्युटीवरच्या लोकांना नीट कळलं नाही, ते आधी शोधत राहिले आणि फायर ब्रिगेडला फोन जाईपर्यंत नऊ मिनिटं गेली. ज्या खोल्यांची दारं उघडी होती तिथे धूर शिरला. श्रीमंत देश, अलार्म बसवलेला, स्टाफ जागा, आणि कमी पडलेल्या गोष्टींत एक मोठी ही, की आपल्या इमारतीत आपल्या पॅनेलसमोर उभं राहून कोणी नीट सराव करून घेतलेला नव्हता. दुसऱ्या शहरात बनलेल्या ॲपला तुमचं पॅनेल कसं माहीत असणार? तुमचा मेन स्विच जिन्याखाली आहे की किचनमागे, गेटची चावी रात्री कोणाकडे असते, वरच्या मजल्यावरच्या कोणत्या आजींना चालता येत नाही, हे तुमच्या मजल्यावरच शिकवावं लागतं.

अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेचं जे सरकारी खातं आहे, ओशा, त्यांनी १९९४मध्येच लेखी खुलासा केला होता की कॉम्प्युटरवरचं ट्रेनिंग एकूण ट्रेनिंगचा एक भाग म्हणून उपयोगी आहे पण नुसतं तेवढंच पुरत नाही, शिकणाऱ्याला जाणकार माणसाला प्रश्न विचारता आले पाहिजेत आणि जिथे उपकरण हाताळायचंय तिथे प्रत्यक्ष सराव पाहिजे. मिटिंगमध्ये कोणी "परदेशात सगळं ऑनलाइन असतं" म्हणालं तर हे सांगा.

आणि लांब कशाला जायचं, आपल्या नाशकातच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९पासून आहे. नोकरी-संसार सांभाळून घरी पुस्तक वाचा आणि अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्राला या, असंच लाखो लोक तिथून शिकले. घरी वाचायचं ते घरी, विचारायचं आणि करून बघायचं ते केंद्रावर. तुम्ही तेच करा. ॲप घ्या, पण मराठीत बोलणारं, नुसतं मराठीत लिहिलेलं नाही, आणि जे पैसे वाचले त्यातून महिन्यातून एकदा संध्याकाळी ड्युटी बदलताना अर्धा तास मजल्यावर सराव ठेवा, तेव्हा जाणारी आणि येणारी दोन्ही पाळी हजर असते. एका महिन्यात फक्त ऑक्सिजन, पुढच्या महिन्यात फक्त दारं आणि चाव्या. ऑक्सिजनचं जरा जास्त मनावर घ्या. २१ एप्रिल २०२१ला आपल्याच शहरात महापालिकेच्या हॉस्पिटलात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली, पुरवठा थांबला आणि किमान २२ पेशंट दगावले, ते नाशिककर विसरलेले नाहीत. तुमच्याकडे मोठी टाकी नसेल, कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन असेल, पण तो विजेवर चालतो, लाइट गेली की बंद. मग बी टाइप सिलिंडरवर घ्यायचं, त्यात साधारण १५०० लिटर असतो, मिनिटाला ५ लिटरने लावला तर पूर्ण भरलेला सिलिंडर पाचेक तास जाईल, निम्मा असेल तर अडीच. हा हिशोब मोबाईलवर शिकता येतो. पण अंधारात टॉर्च तोंडात धरून चावी लावून सिलिंडर उघडणं आणि काटा वाचणं हे दोघींनी करून बघितलं पाहिजे, तुम्ही बाजूला उभं राहा आणि किती वेळ लागतो ते फक्त बघा, मधे बोलू नका.

सरांना पण बोलवा, वर्षातून दोनदा, पण स्लाईड आणू नका म्हणून सांगा.

प्रश्न : ताई मी सिडकोत राहते, एका वृद्धाश्रमात सहा वर्षं मावशी म्हणून काम करते. मला लिहिता येत नाही जास्त, हे माझी मुलगी लिहून देते. आमच्याकडे मोबाईलवर परीक्षा असते. प्रश्न इंग्रजीत असतात, कधी मराठीत पण असतं ते पण कळत नाही असं मराठी. मग ऑफिसमधली मुलगी सगळ्यांचे मोबाईल घेऊन आमची परीक्षा देऊन टाकते. माझ्या नावाचं सर्टिफिकेट भिंतीवर लावलंय, त्याच्याकडे बघितलं की मला वाईट वाटतं, कारण परवा एका आजोबांच्या घशात घास अडकला तर मी घाबरून नुसती पाणी द्या पाणी द्या ओरडत होते. सिस्टर आल्या म्हणून वाचले. मला खरंच शिकायचंय पण बोलले तर म्हणतील हिला काही येत नाही.

उत्तर : मावशी, आधी मुलीचं कौतुक, तिने तुमचं म्हणणं जसंच्या तसं लिहिलंय. आणि तुम्ही सहा वर्षं हे काम करताय, आजोबांचा चेहरा बघून त्यांना बरं नाहीये हे तुम्हाला डॉक्टरच्या आधी कळत असणार, तेव्हा "काही येत नाही" हे मनातून काढून टाका. चूक ट्रेनिंग देणाऱ्यांची आहे, तुमची नाही.

घास अडकल्यावर काय करायचं ते इथेच सांगते, मुलीला वाचून दाखवायला सांगा आणि तिच्यावरच करून बघा, फक्त जोर न लावता. माणूस खोकत असेल, बोलू शकत असेल, तर त्याला खोकू द्या, पाठीवर मारू नका, पाणी तर अजिबात देऊ नका. आवाजच निघत नसेल, हात गळ्याकडे जात असेल, ओठ निळे पडायला लागले असतील, तर दुसऱ्या कोणाला १०८ला फोन लावायला सांगा, तुम्ही त्यांना पुढे वाकवा, एक हात छातीला आधाराला, आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने दोन खांद्यांच्या मधे जोरात पाच थापा. निघालं नाही तर मागे उभं राहून दोन्ही हातांनी मिठी मारायची, एक मूठ बेंबीच्या वर आणि बरगड्यांच्या खाली, दुसऱ्या हाताने ती धरायची आणि आत-वर असा पाच वेळा झटका. परत पाच थापा, परत पाच झटके, घास निघेपर्यंत. तोंडात दिसत नसताना बोट घालून शोधायचं नाही, घास अजून आत जातो. माणूस बेशुद्ध पडला तर खाली जमिनीवर झोपवून छाती दाबायला सुरुवात, मिनिटाला १०० ते १२० वेळा, साधारण दोन इंच खोल. आणि घास निघाला तरी डॉक्टरांना दाखवायचंच, झटक्यांनी आत मार लागलेला असू शकतो.

आता हे वाचून तुम्हाला कळलं, पण छाती दोन इंच दाबायला किती जोर लागतो ते पुतळ्यावर हात ठेवल्याशिवाय कळणार नाही, आणि एकदा शिकलं तरी काही महिन्यांनी हात विसरतो, म्हणून परत परत करावं लागतं. मॅनेजरांना सरळ असं म्हणा, "साहेब, आजोबांच्या घशात अडकलं तेव्हा आम्ही घाबरलो, सिस्टरना सांगून आम्हाला एकदा करून दाखवायला लावा ना." यात तुमचा कमीपणा कुठेच नाही, आणि मला वाटतं बाकीच्या मावश्या मनातून तुमचे आभार मानतील.

ही ओळ मॅनेजर आणि ट्रस्टींसाठी. दुसऱ्याने दिलेली परीक्षा म्हणजे खोटा कागद आहे. उद्या काही झालं आणि चौकशीत या मावशींना विचारलं की तुम्हाला हे शिकवलं होतं का, तर त्या खरं सांगतील, आणि सांगावंच. मावशींना वाचायला जमत नसेल तर परीक्षा तोंडी घ्या, करून दाखवायला लावा, आणि ज्याने बघितलं त्याने सही करावी. स्वतःचा स्मार्टफोन नसलेल्या किंवा घरी एकच फोन चौघांत असलेल्या बाईला "घरी बघून घे" म्हणणं हे तर ट्रेनिंगच नाही. ड्युटीच्या वेळात, संस्थेच्या टॅबवर, पगारी वेळ धरून दाखवा.

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये केअर होममध्ये काम करते. ती सांगते की तिकडे सगळं ई-लर्निंग असतं, लॅपटॉपवर मॉड्यूल करायचे, झालं. मग आपल्याकडेच हा जुना वर्गाचा आग्रह का? आपण कधी पुढे जाणार? (निवृत्त रेल्वे कर्मचारी, नाशिकरोड)

उत्तर : काका, मुलीला नीट विचारा, मॉड्यूल झाल्यावर पुढे काय झालं. इंग्लंडमध्ये २०१५पासून नव्या केअर वर्करसाठी केअर सर्टिफिकेट म्हणून एक ठरलेली चौकट आहे. त्यात माहितीचा भाग लॅपटॉपवर चालतो, पण काम जमतंय की नाही हे प्रत्यक्ष कामाच्या जागी, खऱ्या माणसांसोबत काम करताना बघून ठरवतात, नुसत्या ई-लर्निंगवर ते पूर्ण झालं असं धरत नाहीत. माणसाला उचलायच्या हॉइस्टचा सराव कोणीतरी शेजारी उभं राहूनच करून घेतो. मुलीला पहिले काही दिवस जुन्या स्टाफच्या मागे-मागे फिरवलं असेल, तिला ते ट्रेनिंग वाटलंच नसेल, पण ते ट्रेनिंगच होतं. आपण लॅपटॉप तेवढा उचलला आणि हा शेजारी उभं राहण्याचा भाग तिकडेच ठेवला तर पुढे जाणं कसलं.

प्रश्न : आमच्या संस्थेत गेल्या वर्षी पेशंट उचलण्याचं रीतसर वर्गातलं ट्रेनिंग झालं, फिजिओथेरपिस्ट मॅडमनी स्वतः येऊन घेतलं, गुडघ्यात वाका, पाठ ताठ ठेवा वगैरे. तरी यंदा तीन जणी कंबरदुखीने सुट्टीवर आहेत. मग वर्ग तरी काय कामाचा? (ट्रस्टी, देवळाली कॅम्प)

उत्तर : साहेब, हा प्रश्न विचारल्याबद्दल मनापासून आभार, कारण बरेच ट्रस्टी याचं उत्तर "बायका नीट ऐकत नाहीत" असं देऊन मोकळे होतात.

कसं उचलायचं हे नुसतं शिकवून कंबरदुखी थांबत नाही हे आता चांगलंच माहीत आहे. २०११च्या कॉक्रेन रिव्ह्यूमध्ये, म्हणजे जगभरचे अभ्यास एकत्र करून तपासतात त्यात, वजन उचलण्याचा सल्ला आणि ट्रेनिंग दिल्याने कामगारांची पाठदुखी टळते असं दिसून आलं नाही. कारण सोपं आहे. सत्तर किलोचे आजोबा, अंगात ताठरपणा, पलंग गुडघ्याइतक्या उंचीचा आणि भिंतीला लावलेला, बाजूला कमोड चेअर ठेवायला जागा नाही, आणि मावशी एकटी. ती पाठ कशी ताठ ठेवणार? मॅडमनी जे शिकवलं ते बरोबरच होतं, पण ते करायला जागा, उंची आणि दुसरी जोडी हात लागतात.

माझा सल्ला, पैसे आधी पलंगावर घाला. खाली-वर होणारे पलंग सगळे शक्य नसतील तर जे अंथरुणाला खिळलेत त्यांच्यापुरते घ्या. सरकवायला घसरती चादर मिळते, ती नसेल तर जाड ड्रॉशीट, म्हणजे पेशंटच्या अंगाखाली आडवी घातलेली चादर, दोघींनी दोन बाजूंनी धरून सरकवायचं, उचलायचं नाहीच. उभं करायला कमरेचा धरायचा पट्टा मिळतो, काखेत हात घालून ओढणं बंद करा, त्याने आजींचा खांदा पण निखळतो. आणि रात्री दोघींपैकी एक झोपते अशी पद्धत असेल तर ती बदला, एकटीने उचलायची वेळच तिथून येते. हे सगळं आणल्यावर मग त्याच मॅडमना परत बोलवा, पण हॉलमध्ये नको, त्याच आजोबांच्या त्याच पलंगापाशी. मोबाईलचा इथे एक छान उपयोग आहे. प्रत्येक पेशंटला कसं हलवायचं याचा एक मिनिटाचा व्हिडिओ तुमच्याच मावश्यांवर, म्हणजे एक मावशी पेशंट बनून, काढून ठेवा आणि नवी बाई आली की तिला तो दाखवा. खऱ्या आजोबांचा व्हिडिओ काढू नका, त्यांचीही लाज असते.

सुट्टीवरच्या तिघींचा पगार कापला असेल तर तो द्या, काम करताना झालेलं दुखणं आहे ते.

प्रश्न : मी आडगावजवळच्या विशेष मुलांच्या निवासी शाळेत वॉर्डन आहे. आम्ही एकदा फायर ड्रिल घेतलं तर मुलं इतकी घाबरली की दोन दिवस जेवली नाहीत, एक मुलगा पलंगाखाली जाऊन बसला. पालक पण रागावले. त्यापेक्षा स्टाफला व्हिडिओ दाखवून भागवलं तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार, आणि कारण तुमच्याच प्रश्नात आहे. मुलगा पलंगाखाली जातो हे तुम्हाला त्या ड्रिलमुळे कळलं. खऱ्या धुरात तो तिथेच गेला असता आणि कोणाला सापडला नसता. हे कुठल्याच व्हिडिओने सांगितलं नसतं.

पण मुलांना घाबरवायचं नाही हे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, म्हणून ड्रिलचे दोन भाग करा. पहिला फक्त स्टाफचा, मुलं सुट्टीत घरी गेलेली असताना. पलंगावर उशा-गाद्या बांधून ठेवा, चादरीत गुंडाळून जमिनीवरून ओढत जिन्यापर्यंत आणा, एका बाईला असं किती मुलांना काढता येतं ते बघा, म्हणजे रात्री किती माणसं लागतात त्याचा खरा आकडा तुमच्या हातात येईल आणि तो घेऊन संस्थाचालकांकडे जाता येईल. प्रत्येक खोलीचं दार निघताना ओढून घ्यायची सवय लावा, बंद दार धुराला बराच वेळ अडवतं.

दुसरा भाग मुलांचा, पण त्याला ड्रिल म्हणूच नका. रोज संध्याकाळी खेळायला जाताना त्याच बाहेर पडायच्या जिन्याने न्या, अंगणात त्याच झाडाखाली एकत्र उभं करा. मग काही आठवड्यांनी हळू आवाजात बेल ऐकवा आणि मग खेळायला न्या. आवाज रोज थोडा वाढवा. ज्यांना आवाज अजिबात सहन होत नाही त्यांच्यासाठी चित्राचं कार्ड आणि त्यांच्या आवडीच्या मावशीचा हात, एवढं ठरवून ठेवा. विशेष मुलांना रोज ठरलेलं काम पक्कं बसतं, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आणि एक गोष्ट आज रात्रीच तपासा. मुलं बाहेर पळतात म्हणून रात्री दरवाजांना कुलूप लावत असाल. तामिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ला मनोरुग्णांच्या निवासात आग लागली आणि २८ जण गेले, ते साखळदंडाने बांधलेले होते, पळणार कसे? कुलूप लावावंच लागत असेल तर आतून चावीशिवाय उघडेल अशी मोठ्यांच्या उंचीवरची कडी बसवा, आणि चावीचंच कुलूप असेल तर ती चावी ड्युटीवरच्या प्रत्येकीच्या गळ्यात पाहिजे, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नको. अंधारात डोळे मिटून ते कुलूप उघडता येतं का, प्रत्येकीकडून करून घ्या. खिडक्यांच्या गजांना एक तरी आतून उघडणारी चौकट ठेवा.

तुमच्या शाळेत व्हिडिओ एका ठिकाणी मात्र उपयोगी पडेल. मुलांच्या लैंगिक छळाबद्दलचा पोक्सो कायदा २०१२, त्यात संशय आला तरी कळवणं बंधनकारक आहे, चाइल्डलाइनचा १०९८ किंवा पोलिसांचा ११२, हे सगळ्या स्टाफला एकसारखं आणि लेखी कळलं पाहिजे. ते आधी मोबाईलवर दाखवा, आणि मग गोल बसून बोला, कारण "आपल्याच माणसाबद्दल कसं सांगायचं" हा प्रश्न मोबाईलला कोणी विचारत नाही, तो एखादी मावशी सगळे उठून गेल्यावर हळूच विचारते, तेव्हा तुम्ही तिथे असायला पाहिजे.

कागदांबद्दल दोघांनी वेगवेगळं विचारलंय, तर इथेच सांगून टाकते. महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीत बसवलेली आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, म्हणजे फॉर्म बी, लायसन्स असलेल्या एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैत घ्यायचा असतो. ती माणसं तपासायला येतात तो दिवस वाया घालवू नका, त्याच दिवशी मावश्यांना त्यांच्यासोबत फिरवा, पंप कुठे, व्हॉल्व्ह कुठे, अलार्म बंद कसा करतात ते दाखवायला सांगा, बहुतेक जण आनंदाने दाखवतात. ट्रेनिंगच्या रजिस्टरला "उपस्थित" हा एकच कॉलम ठेवू नका, बाजूला "काय करून दाखवलं" आणि "कोणी बघितलं" हे दोन वाढवा. आणि १०१, १०८ आणि इमारतीचा पूर्ण पत्ता जवळच्या खुणेसकट फोनच्या वर मोठ्या अक्षरांत चिकटवा, कारण रात्री घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या आश्रमाचा पत्ताही धड सांगता येत नाही, आणि मळ्यातल्या रस्त्यावर गाडी चुकते.